तीन मिनिटांचे खाँसाहेब

सुरुवातीलाच कबूल करते. गेल्या वर्षीपर्यंत अब्दुल करीम खाँ हे नाव मला फक्त एका क्विझमुळे माहीत होतं, आणि तिथेही आमच्या टीमचं उत्तर चुकलं होतं. किराणा घराणं म्हटल्यावर टीममधल्या एकीच्या डोळ्यांपुढे वाण्याचं दुकान आलं. मी तिला हसले नाही, कारण माझ्याही डोळ्यांपुढे तेच आलं होतं. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली, मराठी फक्त घरात आणि परीक्षेपुरती, त्यामुळे लेखात काही वाकडंतिकडं आढळलं तर सांभाळून घ्या. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कैरान्यात जन्मलेला हा माणूस मिरजेत राहिला, मराठी मुलांना शिकवत राहिला, मराठी नाटकातली पदं गायला आणि शेवटी मिरजेच्याच मातीत गेला.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती उंबरमाळीला. कसारा लोकलने खर्डी सोडलं की पुढचं स्टेशन उंबरमाळी, त्यानंतर कसारा आणि मग थेट घाट. माझा मोठा मामा रेल्वेतून रिटायर झाला आणि तिथे त्याने छोटं घर बांधलं. कारण विचारलं तर शांतता म्हणतो. घराच्या मागून दिवसरात्र मालगाड्या जातात, तरी तो शांतता म्हणतो. खरं कारण वेगळं आहे. मामाला स्पीकरचं वेड आहे आणि मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये त्याचे स्पीकर मावत नव्हते.

हे स्पीकर म्हणजे आपल्या हॉस्टेलमधले डबे नव्हेत. पुण्याच्या कॅडेन्स कंपनीने बनवलेले, मामाने सेकंड हँड घेतलेले, माणसाच्या छातीपर्यंत येणारे. खाली नेहमीसारखा कोनचा वूफर आणि वर जाळीच्या मागे इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल. ईएक्सटीसीवाल्यांना सांगायला नको, पण मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी सांगते. भोकं पाडलेल्या धातूच्या दोन प्लेट्सच्या मध्ये प्लॅस्टिकची एक अतिपातळ फिल्म ताणलेली असते. तिच्यावर हजारो व्होल्टचा चार्ज ठेवतात. गाण्याचा सिग्नल प्लेट्सना दिला की फिल्म एकीकडे ओढली जाते, दुसरीकडे ढकलली जाते आणि हवा हलवते. ती इतकी हलकी असते की लगेच हलते आणि लगेच थांबते. मात्र खर्जातल्या आवाजासाठी फार मोठी हालचाल लागते, ती तिला झेपत नाही. म्हणून खाली वूफर.

आणखी एक भानगड आहे. पॅनेलचा आवाज जितका पुढे येतो तितकाच मागेही जातो. त्यामुळे हे स्पीकर भिंतीला लावून चालत नाहीत. मामाने ते भिंतीपासून चार फूट पुढे ठेवलेत, म्हणजे खोलीच्या जवळजवळ मध्येच. मामी त्यांना जाऊबाई म्हणते. पाहुणे आले की आधी त्यांना वळसा घालायचा आणि मग बसायचं. बसायचंही कुठे, तर समोरच्या एकाच खुर्चीत, कारण खरा आवाज तिथेच ऐकू येतो.

त्या खुर्चीत मामाने मला बसवलं आणि आधी एक बासरीची सीडी लावली. ती छानच वाजली. बासरी दोन स्पीकरच्या मध्ये, हवेत, बोट ठेवता येईल अशी. वादकाने श्वास घेतला की मलाही घ्यावासा वाटला. मी म्हटलं, मस्त. मामाचं समाधान झालं नाही. त्याने एक जाड, काळी, कडेला टवका उडालेली लाखेची तबकडी काढली, सुई बदलली (७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला एलपीची सुई चालत नाही, जवळजवळ तिप्पट जाड टोकाची लागते) आणि ती लावली.

आधी नुसती खरखर. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मी मनात म्हटलं, एवढ्या महागड्या स्पीकरवर हे?

आणि मग तो आवाज आला.

खरं सांगायचं तर हीच ठुमरी मी आदल्या आठवड्यात हॉस्टेलवर मोबाईलवर ऐकून बंद केली होती. बारीक, नाकातला, डासासारखा आवाज वाटला होता. इथे मात्र एक गंमत झाली. खरखर दोन्ही बाजूंना पसरली, पार भिंतीपर्यंत गेली, आणि आवाज बरोबर मध्ये उभा राहिला. पाऊस पडतोय आणि पडवीत कोणीतरी गातंय असं वाटलं. याचं कारण नंतर डोक्यात आलं. जुनी तबकडी मोनो. आवाज खाचेच्या दोन्ही भिंतींत सारखाच कोरलेला, म्हणून दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो आणि कानाला मध्ये उभा वाटतो. धूळ आणि ओरखडे मात्र दोन्ही भिंतींवर वेगवेगळे, त्यामुळे खरखर मध्ये जमत नाही, पसरते. मामाने ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबून दाखवलं. खरखर कमी झाली, पण तीही मध्ये येऊन आवाजाच्या अंगावर बसली. मी त्याला बटण परत सोडायला लावलं. मला पाऊस बाहेरच हवा होता.

तीन-साडेतीन मिनिटांत बाजू संपली. दहा इंची तबकडीत तेवढंच मावायचं. त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागले. जे कळलं ते माझ्या पद्धतीने सांगते.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव कैराना, तेव्हा मुझफ्फरनगर जिल्ह्यातलं, आता उत्तर प्रदेशच्या शामली जिल्ह्यात. किराणा हे नाव त्या गावावरून पडलं, वाण्याशी काही संबंध नाही! वडील काले खाँ, घर गवयांचं आणि सारंगियांचं. करीम लहानपणी सारंगीही शिकले आणि बीनही. ही गोष्ट महत्त्वाची वाटते. सारंगीला पडदे नसतात, बोट नेमकं कुठे टेकवायचं ते कानानेच ठरवायचं. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट दिसते. त्यांच्या गाण्यातही तसंच आहे, पायरी नाही, घसरण आहे.

१८९० च्या दशकात भावासोबत ते बडोद्याच्या दरबारात पोचले आणि तिथे नोकरीला लागले. राजघराण्याच्या नात्यातले सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मराठा सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई, आणि साल १९०० च्या आगेमागे! आजही ज्यावरून गावात बैठका बसतात ते त्यांनी तेव्हा केलं. दोघं बडोदा सोडून मुंबईला आले. नोकरी गेली, आश्रय गेला. पुढे मिरज हे त्यांचं गाव झालं.

मिरजेत एक कथा सांगतात. खाँसाहेबांना प्लेग झाला, वाचण्याची आशा नव्हती, त्यांनी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गाणं केलं आणि बरे झाले. मला विचाराल तर प्लेगवर गाण्याचा उपाय मी व्हायवाला लिहून देणार नाही. पण त्या दर्ग्याशी त्यांचं नातं मात्र पक्कं झालं. शिवाय मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. तंबोरे आणि सतार बनवणारी घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं). खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे. गाणारा माणूस हत्यारं घेऊन तंबोरा खोलून बसलाय, हे चित्र मला फार आवडतं. आपल्या वर्कशॉपमध्ये ते शोभले असते.

त्यांचा खरा ध्यास म्हणजे स्वर. सप्तकात बारा स्वर हे हार्मोनियममुळे आपल्याला माहीत. पण आपली जुनी शास्त्रं बावीस श्रुती सांगतात. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना हे नेमकं मोजायचं होतं. त्यांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्यासोबत होते. त्यांना असा गळा हवा होता जो एकच स्वर पुन्हा पुन्हा त्याच जागी लावेल. तो गळा खाँसाहेबांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर फ्रीक्वेन्सीचं कॅलिब्रेशन एका माणसाच्या गळ्यावर चाललं होतं!

एक हिशेब करून बघा. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार म्हणजे षड्जाच्या ५/४ पट. हार्मोनियमच्या समान अंतराच्या पट्टीत तोच गंधार साधारण १४ सेंट चढा लागतो (सेमीटोनचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट). आपल्यातल्या बहुतेकांना हा फरक कळणारही नाही. खाँसाहेबांच्या कानाला तो खुपत असणार. मोठ्या संगीत परिषदांत या श्रुतींवरून जोरदार वाद झाले. वाद कोणी जिंकला यात मला फारसा रस नाही. दरबारी शिक्षण झालेला गवई, कलेक्टर कचेरीतला मराठी गृहस्थ आणि इंग्रज न्यायाधीश असे तिघं एका तारेभोवती बसलेत, हे मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. नाव आर्य, चालवणारे खाँसाहेब, मुलं बहुतेक मराठी. मुलं तिथेच राहायची, म्हणजे हॉस्टेलच. फी नव्हती, खर्च चालायचा तिकिटाच्या जलशांवर. पुढे मुंबईलाही शाखा झाली. पैशाची तंगी कधी संपली नाही आणि काही वर्षांनी सगळं आवरून ते मिरजेला परतले. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे सगळ्यात नावाजलेले शिष्य. सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल आणि शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींनी तर लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकूनच गाणं शिकायचं ठरवलं आणि घर सोडून पळाले. म्हणजे एका मुलाचं आयुष्य तीन मिनिटांच्या तबकडीने फिरवलं आणि पुढे त्याला भारतरत्न मिळालं. केसरबाई केरकरही आठ वर्षांच्या असताना कोल्हापूरला काही महिने खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ती आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. ऐकायला कोणाकडे कसले स्पीकर असतील देव जाणे.

मजेची गोष्टही सांगून टाकते. खाँसाहेबांनी एक कुत्रा पाळला होता, टिपूमियाँ. त्याला त्यांनी सुरात ओरडायला शिकवलं होतं आणि लोकांसमोर त्याचा कार्यक्रमही केला, असं सांगतात. ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर बसून मालकाचा आवाज ऐकणारा कुत्रा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे मालकाने कुत्र्यालाच गायला बसवलं!

आता जो भाग लिहायला जड जातो तो. खाँसाहेब आणि ताराबाईंना पाच मुलं झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन घर सोडून गेल्या. का, याबद्दल वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळं सांगितलं जातं आणि मला त्यात न्यायाधीश व्हायचं नाही. पण त्यानंतर जे झालं ते सरळ नोंदवता येतं. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. अब्दुल रहमान झाला सुरेशबाबू माने. चंपाकली झाली हिराबाई बडोदेकर. आडनाव कुठून आलं तर आईच्या गावावरून, बडोद्यावरून. धाकटी सकीना झाली सरस्वती राणे. त्या काळात नाट्यगृहात तिकीट लावून गाताना मुलीला कोणतं नाव सोयीचं होतं हे कळायला इतिहासात पीएचडी लागत नाही. तरीही विचार करत राहते, वडिलांच्या कानावर ही नवी नावं पहिल्यांदा कशी पडली असतील.

आणि गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही). मुलांनी नाव सोडलं, गाणं सोडलं नाही. हिराबाई आणि सुरेशबाबू किराण्याचेच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकले. हिराबाईंची तबकडीही मामाकडे आहे. त्याने ती लगेच नंतर लावली. कोणी सांगितलं नसतं तरी त्या खुर्चीत बसून मला कळलं असतं. स्वराला हात लावायची तीच पद्धत, आधी थोडं खालून जवळ जाणं, मग टेकणं, मग अजिबात न हलणं. सुरेशबाबू आणि हिराबाईंकडून ते प्रभा अत्र्यांपर्यंत आलं, २०२४ मध्ये त्या गेल्या. रेशनकार्डावरून जे पुसलं गेलं ते षड्जावर राहिलं.

बरं, तबकड्यांकडे परत येते, कारण मला सांगायचं आहे ते तिथेच आहे. खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण दोनदा झालं, दोन वेगळ्या युगांत. पहिलं १९०५ च्या आसपास, भारतात तबकड्या निघायला लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हा. मायक्रोफोन नव्हता. गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या जोराने सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. त्यात साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढंच उतरायचं, टेलिफोनपेक्षाही अरुंद. दुसरं ध्वनिमुद्रण १९३० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत, ओडियन कंपनीसाठी. तोवर मायक्रोफोन आला होता आणि पट्टा दुपटीने वाढून पाच हजार हर्ट्झच्या आसपास गेला होता. आपण ज्या ऐकतो त्या झिंझोटीतली ठुमरी, जोगिया, वसंत, भैरवी, ‘मानापमान’मधलं पद या सगळ्या दुसऱ्या खेपेच्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती.

मामाचे स्पीकर वीस हजार हर्ट्झपर्यंत वाजतात. तबकडीत पाच हजारांच्या वर खरखरीशिवाय काही नाही. मग एवढ्या महागड्या यंत्रावर ते वाजवून उपयोग काय, हा प्रश्न मी मामाला विचारला. त्याने उत्तर दिलं नाही, कारण मागून कसाऱ्याकडे मालगाडी निघाली होती आणि तो सुई उचलायला धावला. (घाट चढायला कसाऱ्याला जास्तीची इंजिनं लागतात. तशी गाडी गेली की खिडकीची काच, मामीची भांडी आणि सुई तिन्ही थरथरतात.) उत्तर मी माझंच काढलं.

अरुंद पट्ट्यात काय काय हरवतं? तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा हरवतो. तंबोऱ्याची जवारी हरवते. स आणि श मधला फरक, श्वासाचा आवाज, शब्दांची धार हरवते. मामाच्या खुर्चीत बसून मी हे सगळं शोधलं. हार्मोनियम मागे कुठेतरी आहे, तबला पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखा, तंबोरा जवळजवळ नाहीच. स्पीकर चांगला म्हणून उणिवाही तितक्याच लख्ख. मग काय हरवत नाही? स्वराची उंची. मूळ फ्रीक्वेन्सी पट्ट्याच्या बाहेर राहिली तरी वरच्या हार्मोनिक्सवरून कान ती स्वतःच बांधून काढतो. टेलिफोनवर पुरुषाचा आवाज आपल्याला बायकी वाटत नाही तो याचमुळे.

आणि खाँसाहेबांवर जुन्या जाणकारांचा आक्षेप कोणता होता? शब्द स्पष्ट नसतात, लयीशी खेळत नाहीत, नुसते स्वरात बुडून जातात. म्हणजे यंत्र जे जे गिळणार होतं त्याच्यावर या माणसाने आधीपासूनच फारसा भर दिला नव्हता. आणि ज्याच्यावर आयुष्य घातलं, गंधार नेमका कुठे आहे यावर, ते मायक्रोफोनातून, मेणातून, लाखेतून, टवका उडालेल्या कडेतून नव्वद वर्षांनी उंबरमाळीला जसंच्या तसं पोचलं. तबकडी थोडी जोरात फिरली तरी सगळे स्वर एकाच पटीत चढतात, त्यांच्यातलं नातं तेच राहतं. चांगल्या स्पीकरने त्यात भर घातली नाही, फक्त स्वतःची काही लुडबुड केली नाही. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरने मात्र केली होती. डास खाँसाहेब नव्हते, डास माझा मोबाईल होता.

आता शेवटचा प्रवास. ऑक्टोबर १९३७. दक्षिणेत त्यांचं पूर्वीपासून जाणं-येणं. म्हैसूर दरबारात मान होता, कर्नाटक पद्धतीचं सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणलं, त्यागराजांची एक कृती तबकडीवरही गायली. उत्तरेकडच्या गवयांत तेव्हा असं कोणी फारसं करत नव्हतं. या वेळी ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, श्रीअरविंदांच्या आश्रमाकडे. वाटेत गाडीत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाल कोइल नावाचं लहान स्टेशन आलं तिथे ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला. नमाज झाला आणि दरबारी कानड्यात प्रार्थना म्हणत ते आडवे झाले, असं सांगतात. तारीख २७ ऑक्टोबर. पासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव होतो. हिंदू-मुसलमान दोन्ही गवई तिथे हजेरी लावत आले आहेत, बिदागीचा विचार न करता.

हे सगळं वाचून झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा उंबरमाळीला गेले. या वेळी रिकाम्या हाताने नाही. कॉम्प्युटर लॅबमध्ये एक स्ट्रोब डिस्क काढून प्रिंट केली होती. गोल कागदावर सारख्या अंतरावर ७७ काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, मिनिटाला सहा हजार वेळा. सहा हजार भागिले ७७ म्हणजे ७७.९२. तबकडी त्या वेगाने फिरली तर पट्टे जागच्या जागी उभे दिसतात. मामाच्या घरात सगळीकडे एलईडी, ते कामाचे नव्हते. मोरीजवळची जुनी चोकवाली ट्यूब काढून खोलीत लावली. मामी काही बोलली नाही, पण चहा जरा उशिराच आला.

पट्टे उभे नव्हते. पुढे पळत होते, सेकंदाला दोन-तीन. म्हणजे मामाची तबकडी इतकी वर्षं ८० च्या आसपास फिरत होती. दोन फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळजवळ ४४ सेंट, अर्ध्या सेमीटोनच्या जरा आतच. मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. स्पीकरवर लाख घातले आणि मोटरचा स्क्रू कधी पाहिला नाही! तबकड्या कोरतानाही त्या काळी वेग कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे असायचा, त्यामुळे ७८ हाच खाँसाहेबांचा खरा वेग असं छातीठोक सांगता येत नाही. पण आम्ही स्क्रू फिरवला, पट्टे थांबले आणि तीच जोगियाची तबकडी लावली.

मामाने मला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. आवाज किंचित खाली आला होता, किंचित जाड झाला होता. एका ठिकाणी, वरच्या स्वरावर जाताना, तो जरासा कापला. मी ती बाजू आधी दहा-बारा वेळा तरी ऐकली असेल. वय ऐकू आलं ते पहिल्यांदाच. मामाने सुई उचलली, पुन्हा सुरुवातीला ठेवली, आणि मागच्या रुळावरून गाडी जाईपर्यंत आम्ही तेवढीच जागा ऐकत बसलो.